करपवणारं एलिमेंट

साताऱ्याला गेले की मामी शेजारणीला माझी ओळख करून देते, "ही आमची शुभदा. आयर्लंडात दारूच्या कारखान्यात असते." शेजारीण आधी माझ्याकडे बघते, मग माझ्या नवऱ्याकडे. मिलिंद सॉफ्टवेअरमधला सरळ माणूस आहे, पण त्या नजरेतली स्वतःबद्दलची कीव त्याला मनापासून आवडते. तो मान खाली घालून चहा पितो. मी खुलासे करणं कधीच सोडून दिलंय. पण आता अंकात चार पानं मिळालीच आहेत, तर एकदाचं सांगून टाकते. मी दारू करत नाही. मी पाणी तापवते.

शॅननच्या विमानतळाला लागून जी औद्योगिक वसाहत आहे, तिथे एका छोट्या शेडमध्ये आम्ही अकरा माणसं घरगुती बिअरची विजेवरची भांडी बनवतो. इथे पुष्कळ लोक घरी बिअर करतात. कोणी गॅरेजमध्ये, कोणी परसातल्या शेडमध्ये, कोणी बायको माहेरी गेल्यावर स्वयंपाकघरात. मोड आणून वाळवलेली बार्ली कोमट पाण्यात भिजवायची, तिचं गोड पाणी गाळून घ्यायचं, ते तासभर खळखळ उकळायचं, त्यात हॉप्स नावाची कडवट फुलं टाकायची, निववायचं आणि मग यीस्ट घालून आंबत ठेवायचं. मी त्या गोड पाण्याला काढा म्हणते. काढा उकळणाऱ्या भांड्याच्या तळाशी जी वाकवलेली नळी असते, ती माझी. नळीच्या आत केसासारखं गुंडाळलेलं तारेचं स्प्रिंग, त्याभोवती ठासून भरलेली पांढरी पूड, वरून स्टीलचं कवच. तार तापते, पूड वीज अडवते पण उष्णता जाऊ देते. भोसरीला अकरा वर्षं मी गीझरची एलिमेंट्स केली, मिलिंदला इकडे नोकरी लागली म्हणून मी आले, आणि गीझर सुटून बिअर गळ्यात पडली.

माझ्या टेबलाशेजारी काचेची एक टाकी आहे. नवं एलिमेंट केलं की मी ते आधी त्या टाकीत, साध्या पाण्यात लावते आणि समोर स्टूल घेऊन बसते. सुरुवातीला काहीच होत नाही. मग नळीच्या अंगावरून पाण्याचे पारदर्शक धागे सुटायला लागतात. दिसतात असंही नाही, त्यांच्यामागची भिंत तेवढी हलल्यासारखी होते. धागे वर जातात, वरून थंड पाणी त्यांच्या जागी उतरतं, आणि हळूहळू सगळी टाकी स्वतःभोवती फिरू लागते. बाहेर खाडीवर बहुधा धुकं असतं. काचेच्या आत आणि काचेच्या बाहेर एकच काहीतरी चाललंय असं वाटायला लागतं आणि माझी तंद्री लागते. माझी मालकीण फिडेल्मा, माझ्याच वयाची आणि वाऱ्यासारखी घाईची बाई, सुरुवातीला मला हाक मारायची. आता शेजारी चहाचा मग ठेवून निघून जाते. एलिमेंट चांगलं की वाईट हे मला पुष्कळदा आकड्यांच्या आधी त्या धाग्यांवरून कळतं. हे मी कागदावर कधी लिहिलं नाही, इंजिनियर बाईने असलं काही लिहू नये.

या कामात सगळी अक्कल एकाच प्रश्नात असते. इथल्या घरातल्या सॉकेटमधून जेमतेम तीन किलोवॅट मिळतात, ते काढ्यात उतरवायचे कसे? नळी लांब असेल तर तीच उष्णता मोठ्या अंगावर पसरते आणि नळीची कातडी मऊसूत तापते. नळी आखूड असेल तर तेवढीच उष्णता थोड्या जागेतून बाहेर पडायला धडपडते आणि कातडी भाजून निघते. पाण्याला याचं काही नाही. काढ्यात मात्र साखर असते, धान्याचं सत्त्व असतं, ते कातडीला चिकटतं आणि करपतं. म्हणजे जाड बुडाच्या पातेल्यात दूध मंद आचेवर ठेवायचं की पातळ पातेल्यात भगभगत्या आचेवर, इतकाच प्रश्न. त्यासाठी मला पदवी लागली, आईला लागली नव्हती.

ग्राहक नाना तऱ्हेचे. खाडीपलीकडच्या एका बाईंच्या भांड्याचं एलिमेंट ओलसर शेडमध्ये दमटून गेलं होतं आणि लावलं की घरातली सगळी वीज जायची. मी फोनवर सांगितलं, काढून मंद ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, आतल्या पुडीतला ओलावा निघून जाईल. बाईंनी शेजारी स्कोन नावाचे छोटे पावही भाजून घेतले आणि दोन्ही उत्तम झाल्याचं कळवलं. डून लेरीचे एक निवृत्त गृहस्थ तर भलतेच. त्यांचं एलिमेंट चार महिन्यांत भोकाभोकांचं झालं, कसर लागलेल्या शालीसारखं. आम्ही तोंडात बोटं घातली, कारण ते स्टील तसं गंजत नाही. फिडेल्मा तपासणीला कुठेतरी पाठवायला निघाली. मी नळीवरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. मीठ! फोन केल्यावर उलगडा झाला. हे गृहस्थ बारा महिने समुद्रात पोहतात, आणि थंडीत बाहेर आल्यावर पाय शेकायला आमच्या भांड्यात समुद्राचंच पाणी तापवतात. "बादली तिथेच भरता येते ना," ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या जिभेचा कारखान्यात दबदबा झाला. काही बिघडलं की, शुभला चाटायला द्या. मलाही ते आवडलं, हे कबूल करायला हवं. चव हे आपलं खास शास्त्र आहे, असं मला वाटायला लागलं. पुढची सगळी भानगड तिथून सुरू झाली.

लांब नळीला एक दोष होता. ती तळाशी सहा वळणं घेऊन बसायची आणि त्या वळणांत हॉप्सचा गाळ अडकायचा. लोक धुताना वैतागायचे. फिडेल्माने सांगितलं, "एकच वेटोळं हवं. आखूड, गुळगुळीत, फडकं फिरवलं की साफ." मी कुरकुरले, पण केलं. टाकीत लावलं तेव्हा धागे कुठे दिसेनात, नळीवरून नुसते बुडबुडे सुटत होते. मला ते आवडलं नाही. पण आवडलं नाही एवढ्यावर काम अडवता येत नाही. मग मी खऱ्या काढ्याच्या चार उकळ्या केल्या. तिसऱ्या उकळीनंतर नळीवर तपकिरी थर दिसला. मी काढा चमच्यात घेतला, फुंकर मारली आणि चाखला.

काय सांगू! साताऱ्यात आमच्या घराच्या खाली पेढ्यांचं दुकान होतं. दुपारी खवा भाजायला घेतला की तो वास जिन्यातून वर यायचा आणि अभ्यासाची वाट लागायची. कंदी पेढा म्हणजे पांढरा पेढा नव्हे, तो खरपूस, तांबूस, आचेची आठवण ठेवणारा. आणि घरी दूध आटवलं की पातेल्याची खरवड कोणाला, यावर माझी नि भावाची मारामारी ठरलेली. त्या चमच्यात ते सगळं होतं. शॅननच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी डोळे मिटून उभी राहिले. तपासणीच्या कागदावर चवीच्या रकान्यात मी लिहिलं, "उत्तम. पूर्वीपेक्षा अधिक खुमासदार." आणि खाली सही केली.

हे लक्षात घ्या की मी बिअर पीत नाही. व्रत वगैरे नाही, कधी प्यावीशी वाटली नाही इतकंच. माझं काम जिथे संपतं तिथे बिअर सुरू होते. काढा आंबवून, बिअर करून, पिऊन बघणारा आमचा माणूस तेव्हा बाप झाल्याच्या रजेवर होता. माझ्या सहीवर पहिली तीस भांडी बाहेर पडली.

त्यातलं एक पोर्टलीशला गेलं, पीडर नावाच्या गृहस्थांकडे. भांडं गेलं की दहा दिवसांनी आम्ही फोन करून विचारपूस करतो. तो फोन मीच केला. इंग्रजीत सगळ्यांना एकच माप असतं, पण आवाजावरून सत्तरीचे वाटले म्हणून मी मनातल्या मनात त्यांना अहो-जाहोच केलं.

"पीडर, बिअर कशी झाली?"

"ग्रँड," ते म्हणाले.

"आणि एलिमेंट? काही त्रास?"

"अगदी ग्रँड."

"काही मदत हवी असेल तर सांगा हं."

"नको नको. सगळं ग्रँड आहे, बाळा."

मी नोंदवहीत लिहिलं, "ग्राहक अतिशय खूश. तीन वेळा ग्रँड म्हणाले." फिडेल्माने ते वाचलं आणि कप खाली ठेवला.

"तीन वेळा?"

"हो. का?"

"शुभ, तू इतकी वर्षं इथे राहतेस!" तिने कपाळावर हात मारला. "एकदा ग्रँड म्हणजे ठीक आहे. दोनदा म्हणजे विषय बंद कर. तीनदा म्हणजे त्या माणसाचं काहीतरी मोठं बिनसलंय आणि तो तुला सांगणार नाही."

तिने स्वतः फोन लावला. ती हवापाण्यावर बोलली, हर्लिंग या इथल्या चेंडू-काठीच्या खेळाच्या मॅचवर बोलली, कोणाच्या तरी चुलतबहिणीपर्यंत पोचली, आणि वीस मिनिटांनी नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिने मला सगळं सांगितलं. पीडर आणि त्यांचा धाकटा भाऊ कॉन, दोघेही बिनलग्नाचे, आईवडलांच्या घरात एकत्र राहायचे. चाळीस वर्षं दोघं मिळून लाल रंगाची बिअर करत आले. धान्य भिजवणं आणि बाटल्या भरणं पीडरकडे, उकळणं कॉनकडे. दोनच आठवड्यांपूर्वी कॉन गेला. इथे माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना होते, मग लोक घरी येतात, खातात, पितात, आठवणी काढतात. त्याला मंथ्स माइंड म्हणतात. मला लगेच आपलं मासिक श्राद्ध आठवलं. त्या दिवशी लोकांना कॉनचीच बिअर द्यायची असं पीडरनी ठरवलं होतं. कॉनच्या गॅसच्या शेगडीला हात लावायची त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी आमचं भांडं घेतलं होतं.

"आणि?" मी विचारलं.

"आणि ती ओतून देण्याच्या लायकीची झालीय," फिडेल्मा म्हणाली. "गाडी काढ."

पोर्टलीशच्या बाहेर, हायवे सोडून आत गेल्यावर एक लांबट बुटकं घर. पीडर दारातच उभे होते. उंच, वाकलेले, स्वेटरचं एक कोपर उसवलेलं. मी इथे शिकलेलं वाक्य म्हटलं, तुमच्या दुःखात सहभागी आहे, आणि त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांनी कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, ग्लास काढून बिअर ओतली.

"नाही आवडली तर नाही म्हण," ते म्हणाले.

मिलिंदने इतकी वर्षं आग्रह करूनही मी प्यायले नव्हते ती बिअर मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घेतली. विझलेल्या चुलीतली राख, जळलेल्या भाकरीचा काळा पापुद्रा. पेढा कुठे गेला होता? मग मला उमजलं. यीस्ट साखर खातं. तेच तर त्याचं काम. मी चाखलं तेव्हा काढा गोड होता, आणि गोडीच्या संगतीत करपलेलंही खरपूस लागतं. साखर खाऊन संपली आणि मागे नुसतं करपलेलं उरलं. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती, कारण मी कधी दुसऱ्या टोकाला जाऊन चव घेतलीच नव्हती. जिभेचा तोरा मिरवला होता तो पेढ्याच्या जिवावर.

"ही माझी चूक आहे," मी म्हणाले. "सही माझी आहे."

"अगं, ग्रँड आहे गं."

"नाही पीडर, ग्रँड नाहीये. वाईट आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि भावाच्या जाण्यानंतर कोणीतरी पहिल्यांदाच खरं बोललंय असा त्यांचा चेहरा झाला. "भयंकर आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी फ्रिजमधून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक जॅमची बरणी, तळाशी फिकट पिवळसर साका. ते कॉनचं यीस्ट, तो दर वेळी बिअरच्या बुडातून काढून पुढच्या खेपेला जपून ठेवायचा. आपलं विरजण. दुसरी कागदाची पुडी, तीत मूठभर काळीभोर बार्ली. लाल रंग यायला कॉन ती स्वतः ओव्हनमध्ये भाजायचा, किती वेळ ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. "दोन खेपांचं होतं," पीडर म्हणाले. "आता एकाच खेपेचं आहे." मंथ्स माइंडला सोळा दिवस होते. म्हणजे एकदाच करता येणार होती, आणि ती बिघडली असती तर कॉनची म्हणून जगात काही उरलं नसतं.

बाकीची एकोणतीस भांडी आम्ही परत मागवली, लोकांची माफी मागितली. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शनिवारी सकाळी मी जुनं लांब एलिमेंट, सहा वळणांचं, मांडीवरच घेऊन पोर्टलीशला गेले. मिलिंद गाडी चालवत होता. "तान्ह्या बाळाला नेल्यासारखं नेतेयस," तो म्हणाला. मी हसले नाही.

कॉनच्या शेडमध्ये भांडं मांडलं. आखूड नळी काढली, लांब बसवली, दोनदा तपासली. बार्ली भिजली, काढा गाळला, त्यात कॉनच्या पुडीतली ती मूठ मुरून रंग हळूहळू तांबूस झाला. मग आम्ही दोघं भांड्याशेजारी लाकडी बाकावर बसून राहिलो. मिलिंद गाडीत झोपून गेला होता. लांब नळीने घाई केली नाही. दाराबाहेर कुरणावर पातळ ऊन होतं, मध्येच ढग यायचा, मध्येच जायचा, आणि दर वेळी शेडमधला सगळा रंग बदलायचा. काढ्याच्या पृष्ठभागावर एक मंद भोवरा धरला होता. त्यात धान्याचे दोन-चार कण एकमेकांच्या मागे फिरत होते, भेटत नव्हते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पीडर बोलत होते, पण ते मला सांगत होते की स्वतःला, हेही नीट कळत नव्हतं. कॉन गाईंशी कसा भांडायचा. रेडिओवर मॅच लागली की कसा घरभर येरझारा घालायचा. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी त्याने नर्सला तिची कॉफी कशी करावी ते शिकवलं. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, काढा कधी उकळूच नये.

उकळला. तासाभराने काढा काढून घेतला आणि मी टॉर्च धरून आत बघितलं. नळी नुकत्याच घासलेल्या पळीसारखी लख्ख होती. काढा निवल्यावर पीडरनी बरणी उघडली, वास घेतला, आणि यीस्ट ओतताना डोळे मिटले. मी मनात हात जोडले. कोणाला, ते ठाऊक नाही.

मंथ्स माइंडला मी आणि फिडेल्मा गेलो. चर्चमध्ये कॉनचं नाव घेतलं गेलं, आणि नंतर त्या बुटक्या घरात इतकी माणसं मावली की मी पुष्कळ वेळ एका शिवणयंत्राला चिकटून उभी होते. हॅमची सँडविचेस, चहा, फळांचा केक, आणि तांबूस, निवळशंख बिअर. मी या वेळी स्वतःहून ग्लास घेतला. बार्लीची गोडसर चव, शेवटी हलका कडवटपणा, आणि राख कुठेच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी सँडविचमागे लपवलं. लोक पीडरच्या पाठीवर थाप मारत होते. एक म्हातारबुवा म्हणाले, "या शेडमधून अशी बिअर आजवर बाहेर पडली नव्हती." तेव्हा फिडेल्माने मला कोपराने ढोसलं.

पीडर मात्र दिसेनात. मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर तिथे सिंकपाशी ते एकटे उभे. ग्लास अर्धा.

"चांगली नाही झाली?" मी विचारलं.

"सुंदर झालीय," ते म्हणाले. "इतकी सुंदर आमची कधीच झाली नाही." मग ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. "पण शुभ, ही त्याची नाही."

"यीस्ट त्याचं होतं. बार्ली त्याची होती."

"होती ना. पण तो ती नेहमी जराशी करपवायचा." त्यांनी खिडकीबाहेर शेडकडे बघितलं. "धीर नव्हता त्याला. गॅस मोठा करायचा नि मॅच ऐकायला आत जायचा. चाळीस वर्षं मी त्याला सांगत आलो, करपलीय. चाळीस वर्षं तो म्हणत आला, तुझ्या जिभेत खोट आहे."

मी त्यांना निर्दोष बिअर दिली होती आणि तिच्यातून त्यांचा भाऊच गाळून टाकला होता. आपण काम चोख करतो तेव्हा नेमकं काय धुऊन टाकतो, हे मला त्या सिंकपाशी उभं राहून पहिल्यांदा टोचलं. आत कोणीतरी गाणं म्हणायला सुरुवात केली होती. आम्ही दोघं ते संपेपर्यंत तिथेच थांबलो. निघताना मी बाटल्यांच्या तळाशी उरलेला यीस्टचा साका त्यांच्याकडून जुन्या बरणीत मागून घेतला. विरजण मागताना आपल्याकडे जसं ओशाळं हसतात तशी हसले, आणि ते त्यांना बरोबर कळलं.

पुढचे काही महिने मी एक काम केलं ज्याचा आमच्या यादीत कुठेही उल्लेख नाही. सहा वळणांचं एलिमेंट करपवत नाही. एका वेटोळ्याचं राख करतं. मग मधे कुठेतरी कॉन असणार. मी चार वळणांचं केलं, काढा उकळला, बरणीतलं यीस्ट घालून आंबवला आणि स्वतः प्यायले. फार स्वच्छ. तीन वळणांचं केलं, फार कडू. मग साडेतीन, मग वळणांतलं अंतर थोडं कमी. दर खेपेला मी टाकीसमोर बसून धागे बघायचे, आणि दर खेपेला दोन आठवडे थांबून ग्लास भरायचे. मिलिंद म्हणाला, आता मामीचं खरं झालं. कॉनची बिअर मी कधी चाखलीच नव्हती, त्यामुळे मी नेमकं काय शोधतेय हे मला सांगता येत नव्हतं. एवढंच जाणवायचं की चव घेतल्यावर शेजारच्या खोलीत कोणीतरी मॅच ऐकत असल्यासारखं वाटायला हवं.

एक दिवस तसं वाटलं. मी त्या एलिमेंटचा आराखडा पूर्ण करून फिडेल्मापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"शुभ, हे एलिमेंट काढा करपवेल."

"हो. जरासा."

"मुद्दाम?"

"पीडरसाठी."

तिने पेन उघडलं. सही करताना फक्त म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या हाती पडू देऊ नकोस." माझ्या सगळ्या नोकरीत मी शेकडो एलिमेंट्स केली. मला अभिमानाने नाव घ्यावंसं वाटतं ते हे एकच, आणि ते सदोष आहे.

मी जाऊन ते बसवून आले. या वेळी बार्ली दुकानातलीच होती. पीडरनी उगाच आशा दाखवली नाही आणि मीही काही वचन दिलं नाही.

महिन्याभराने दुपारी कँटीनमध्ये माझा फोन वाजला. पीडर. हवापाणी नाही, मॅच नाही.

"शुभ," ते म्हणाले, "करपलीय गं."

"पीडर, मी—"

"अगदी करपलीय. मी आत्ता इथे स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने ओरडलो त्याच्यावर." ते हसायला लागले. हसता हसता आवाज फुटला. मी फोन कानाला लावून उभी राहिले. त्यांना पुरेसं रडून होईपर्यंत मी तो ठेवला नाही.